प्रस्तावना : लिवून नेलं, त्याचं काय झालं?

पेण तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर काही वर्षांपूर्वी आम्ही पाहणीला गेलो होतो. दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळी उलटली की वाडी ओस पडते. बायामुलांसकट माणसे वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. म्हणून आमची घाई. हातात चौदा पानांची प्रश्नावली. ओटीवर बसलेल्या एका म्हातारीने पहिली चार पाने निमूट उत्तरे दिली आणि पाचव्या पानावर मलाच विचारले, "मागल्या साली पण असंच लिवून नेलं. त्याचं काय झालं?" मला काही सांगता येईना. बरोबरच्या आरोग्यसेविकेने वेळ मारून नेली : "वर पाठवलंय, आजी."

या पुस्तकाचा विषय म्हणजे ते 'वर'. ते कुठे असते, तिथे पैसा कुठून येतो, तिथे गेलेल्या कागदाचे काय होते आणि त्यातून निघालेले शहाणपण पुन्हा ओटीपर्यंत खाली येते की नाही, आणि येत असेल तर किती वर्षांनी. याला पुस्तकी नाव सार्वजनिक आरोग्य संशोधनाचे अर्थसाहाय्य आणि उपयोजन असे आहे. या नावाने कोणी घाबरू नये. एखादे औषध रोगावर चालते का, हा एक प्रश्न. तेच औषध नागोठण्यापलीकडच्या एखाद्या वाडीवर, भट्टीवर गेलेल्या माणसाला सलग बारा महिने कसे मिळेल, हा दुसरा. दुसरा प्रश्नही संशोधनाचाच आहे, त्यालाही पद्धत लागते, मोजमाप लागते, माणसे आणि पैसे लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पैसे देणाऱ्यांच्या तर फारच उशिरा येते.

या पुस्तकासाठी पेण आणि रोहा हे दोनच तालुके का, असे कोणी विचारील. एक तर ते मुंबईच्या इतके जवळ आहेत की संशोधकाला सकाळी निघून संध्याकाळी घरी जेवायला जाता येते. त्यामुळे इथे पाहण्या झाल्या, होतात. दुसरे, या दोन तालुक्यांत सगळे नमुने एकत्र भेटतात : खारेपाटातली भातशेती, डोंगरावरच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, गणपतीचे कारखाने, धाटावची औद्योगिक वसाहत, मुंबई-गोवा महामार्ग. आणि तिसरे कारण थोडे भावनेचे आहे. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम उभे केले ते विनोबांच्या प्रेरणेने. आपल्याकडे कुष्ठसेवा तोवर बहुतेक मिशनऱ्यांनी केली होती. या पुस्तकात कुष्ठरोगाचा धागा सर्वांत जाड आहे, म्हणून गागोद्याची आठवण इथे अस्थानी नाही.

कुष्ठरोगाचा धागा जाड असण्याला पक्के कारणही आहे. संशोधन आणि व्यवहार यांच्यातले सगळे ताण या एका रोगात दिसतात. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ सालीच पाहिला, पण तो आजही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढत नाही. अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीस. आणि संशोधनाचे अनुदान असते तीन वर्षांचे! जंतूचे आणि अनुदानाचे पंचांग जुळतच नाही. तीन वर्षांत जे मोजता येते तेवढेच मोजले जाते. उरलेले पुढच्या अर्जासाठी.

आता थोडा मागचा इतिहास. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने पुढच्याच जानेवारीत स्वतःला लस टोचून घेतली. संशोधन लगेच लोकांपर्यंत जाण्याचे ते आपल्याकडचे पहिले ठळक उदाहरण. पण ते साथीच्या धाकाने झालेले, सरकारी खजिना भीतीने उघडलेला. पुढे १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली, तिचीच १९४९ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली. साथीवाचूनही संशोधनाला नियमित पैसा हवा, ही कल्पना तिथून रुजली. या पहिल्या वळणाची माणसे मुख्यतः प्रयोगशाळेतली होती. जंतू ओळखा, लस करा, बाकीचे आरोग्य खाते बघून घेईल, असा त्यांचा विश्वास. खात्याने पुष्कळदा बघितलेही. त्यांच्याबद्दल तुच्छतेने बोलण्याची जी फॅशन मध्यंतरी आली ती मला पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर दुसरे वळण आले, लोकांत उतरून प्रयोग करणाऱ्यांचे. त्यातली दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात. पहिले मद्रासचे. क्षयरोग्याला रुग्णालयात ठेवूनच बरे करता येते, हा तेव्हा जगभरचा समज. खाटा मोजक्या, रोगी अगणित. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने निम्मे रोगी घरी ठेवले, निम्मे आरोग्यधामात, आणि १९५९ साली दाखवून दिले की औषध नीट घेतले तर घरी राहूनही रोगी तितकेच बरे होतात आणि घरच्यांना जास्त धोकाही होत नाही. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला तो याच पायावर. उत्तर सापडल्यापासून ते देशाचे धोरण होईपर्यंत फक्त तीन वर्षे.

दुसरे वर्ध्याचे. गांधी स्मारक निधीच्या पैशांतून १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. त्याआधी कुष्ठसेवा म्हणजे गावाबाहेर आश्रम बांधणे. डॉ. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट विचार केला : रोग्याला गावाबाहेर काढण्याऐवजी आपणच घरोघर जायचे, सगळ्यांची अंगे तपासायची, लोकांना समजावायचे आणि डॅप्सोनची गोळी गावातच द्यायची. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. १९५५ साली केंद्र सरकारने कुष्ठरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला तेव्हा हीच पद्धत उचलली. चार वर्षे!

या दोन्ही ठिकाणी पैसे कोणी दिले ते पाहावे. मद्रासच्या केंद्रामागे संशोधन परिषद होती, ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद होती, जागतिक आरोग्य संघटना होती आणि खुद्द मद्रास सरकार होते. म्हणजे उत्तर ज्याला वापरायचे होते तो गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून दुकानात उभा होता. वर्ध्याला प्रश्न विचारणारे आणि गावोगाव गोळ्या वाटणारे लोक एकच होते. या विषयाची पुस्तके धुंडाळताना शोध आणि वापर यांत सतरा वर्षांचे अंतर असते, असा परदेशातला एक आकडा वारंवार भेटतो. मला तो निसर्गनियम वाटत नाही. अंतर किती, हे प्रश्न विचारताना खोलीत कोण होते यावर ठरते, असे माझे मत आहे, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

तिसरे वळण महाराष्ट्राचे स्वतःचे. १९७० साली आरोळे दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. आपल्या रायगडात (तेव्हाचा कुलाबा) त्याच सुमारास डॉ. नोशीर अंतिया मांडव्याला आले. हे जे. जे. रुग्णालयातले नामांकित प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर, बसक्या नाकांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांना कळले की जे आपण दुरुस्त करतो ते मुळात व्हायलाच नको होते. अलिबाग तालुक्यात मांडव्याभोवतालच्या तीस गावांत, सुमारे तीस हजार वस्तीत, त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. चट्टा ओळखणे, बधिरपणा तपासणे, खोकल्यावरून क्षयाचा संशय घेणे, ताप आणि जुलाब सांभाळणे; या बायका ते सगळे करू लागल्या आणि चांगले करू लागल्या. १९७५ साली अंतियांनी मुंबईत दोन संस्था काढल्या, एक प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी आणि एक लोकांतल्या. एकाच माणसाला दोन्हींची गरज वाटावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

मांडव्याचा प्रयोग मात्र टिकला नाही. का टिकला नाही, हे अंतियांनी स्वतः १९८८ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहून टाकले, आणि तो लेख मी या विषयातल्या प्रत्येक नवख्याला वाचायला सांगतो. बायकांच्या कर्तबगारीत उणे नव्हते. उणे होते ते गावचे राजकारण, सरकारी यंत्रणा आणि हा प्रयोग यांच्यातल्या नात्यात. ज्यांनी तो पुढे चालवायचा त्यांना तो आपला वाटलाच नाही. आपल्याकडे यशोगाथा ढिगाने छापल्या जातात. स्वतःच्या प्रयोगाचे शवविच्छेदन स्वतः करून छापणारे विरळा.

गडचिरोलीची गोष्ट याच्या पुढची. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यांनी मोजमाप इतके काटेकोर ठेवले होते की नाकारण्याची सोय कोणालाच उरली नाही. तरीही आशा सेविकांच्या मार्फत ही पद्धत देशभराच्या कार्यक्रमात यायला २०११ साल उजाडले. बारा वर्षे. त्या बारा वर्षांत जन्मलेल्या बाळांचा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याचा विंचू! महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा कोकणातला लाल विंचू चावला की माणूस घामाने भिजे, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी साचे आणि धडधाकट मूल रातोरात जाई. चाव्याने गंभीर झालेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास सांगितले जाई. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली, १९८२ आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. यामागे मोठे अनुदान नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. प्रश्न विचारणारा आणि उत्तर वापरणारा एकच माणूस होता, रात्रपाळीचा डॉक्टर. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की संशोधनाला पैसा लागतच नाही, जिद्द हवी. हा निष्कर्ष सोयीचा आहे आणि चुकीचा आहे. एका माणसाच्या जिद्दीवर एक रोग निभावतो. जिल्हा चालवायला पगार लागतात.

पैशांकडे वळू या. १९९० साली आरोग्य संशोधनावरच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेब मांडला : जगातल्या अकाली मृत्यूंचा त्र्याण्णव टक्के भार गरीब देशांवर, आणि संशोधनाच्या पैशांतला पाच टक्के वाटा त्यांच्या प्रश्नांवर. आकडे नंतर हलले, तिरकेपणा फारसा गेला नाही. आपल्याकडे पैसा येण्याच्या वाटा तीन-चारच : संशोधन परिषद आणि केंद्राची खाती, राज्याचा आरोग्य विभाग, परदेशी देणग्या आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर उद्योगांचा दोन टक्के निधी. प्रत्येक पैशाचा स्वभाव वेगळा. परदेशी पैसा २०२० च्या कायदाबदलानंतर मोठ्या संस्थेने घेऊन लहान संस्थेला पुढे देता येत नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्यांचा एक जुना झरा त्याने आटला. उद्योगांच्या निधीला रुग्णवाहिका आवडते, कारण तिच्यावर नाव रंगवता येते. बधिर चट्टे शोधत वर्षभर पायी हिंडणाऱ्या माणसाच्या प्रवासभत्त्यावर नाव कुठे रंगवणार?

सरकारी पैसा बहुधा उशिरा येतो आणि मार्चअखेर संपवावा लागतो, उपयोगिता प्रमाणपत्रासह. आता हे पेणच्या वाडीवर नेऊन पाहा. जानेवारी ते मार्च हा खर्चाचा हंगाम आणि त्याच काळात वाडीला कुलूप. ज्यांची तपासणी करायची ती माणसे भट्टीवर, कधी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. मग तपासले जातात मागे राहिलेले म्हातारे, आणि अहवालात लिहिले जाते की एवढे टक्के लोक तपासले. कोणी खोटे बोललेले नसते. रोह्याच्या देशमुखांच्या घरातले चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री होते. आर्थिक वर्ष वीटभट्टीच्या हंगामाला बेतून घेण्याची बुद्धी त्यांनाही झाली नाही, असे मी गमतीने म्हणत असतो.

हा विषय आत्ताच का काढायचा, याचे उत्तर पुन्हा कुष्ठरोगापाशी येते. १९८१ साली देशात दहा हजारांमागे ५७.६ कुष्ठरोगी होते. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम त्यावर चालला, १९९५ नंतर औषध देणग्यांतून फुकट मिळू लागले. डिसेंबर २००५ मध्ये प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. यश खरे होते. लाखो माणसांची बोटे वाचली. पण त्या आकड्यात एक खुबी होती. नोंदला जाई तो त्या दिवशी औषध घेत असलेला रोगी. जास्त जंतू असलेल्यांचा उपचार मध्यंतरी चोवीस महिन्यांवरून बारावर आला, तेव्हा नवा रोगी एकही कमी न होता नोंदवहीतली त्यांची रांग अर्धी झाली. शिवाय घरोघर शोधणे थांबले. रोग्याने आपणहून यावे, असे ठरले. जो चट्टा दुखत नाही, खाजत नाही, तो घेऊन कोण दवाखान्यात येतो?

घोषणेनंतर पैसा हलला, पदे रिकामी राहू लागली, कुष्ठतंत्रज्ञ निवृत्त झाले आणि बधिर चट्टा बोटांनी ओळखण्याची त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली. मुंबईतल्या अंतियांच्याच संस्थेच्या संशोधकांनी पनवेल तालुक्यात आणि मुंबईच्या एका भागात घरोघर जाऊन पाहिले, २००९ साली निष्कर्ष छापले : न शोधलेले रोगी होते, त्यांत मुलेही होती. मुलाला कुष्ठरोग होतो याचा अर्थ आसपास कुठेतरी लागण चालू आहे. शोधणे बंद केले की रोग सापडत नाही, हे सांगायला संशोधन लागावे याचा राग येतो. पण ते लागले, आणि त्यासाठी कोणीतरी पैसे दिले, हे बरेच झाले. २०१६ पासून शोधमोहिमा पुन्हा निघाल्या.

आता २०२३ ते २०२७ चा राष्ट्रीय आराखडा २०२७ पर्यंत लागण शून्यावर आणू म्हणतो. रोग्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याचे धोरण आहे. बांगलादेशातल्या चाचणीत, २००८ साली, या मात्रेने पहिल्या दोन वर्षांत नवे रोगी निम्म्याहून अधिक घटलेले दिसले होते. (निरोगी माणसांना आधीच औषध देऊन बघण्याचा प्रयोग वारदेकरांनी साठच्या दशकात डॅप्सोनने केला होता, हे मात्र आपण विसरतो.) कागदावर सगळे ठीक आहे. पण शेजाऱ्याला गोळी द्यायची तर शेजाऱ्याला कळणार की पलीकडच्या घरात कोणाला आहे. वाडीवर ही गोष्ट कशी सांगायची? भट्टीवरच्या शेजाऱ्याला शेजारी धरायचे का? पाडा सोडून गेलेल्याचे काय? ही उत्तरे बांगलादेशातून येणार नाहीत. ती इथेच शोधावी लागतील, आणि ती शोधण्याला आज अंमलबजावणीचे संशोधन असे नाव मिळाले आहे. नाव नवे, काम वर्ध्याचेच.

हे पुस्तक त्या कामाच्या मधल्या टप्प्यावर उभे आहे. लिहिणाऱ्यांत डॉक्टर आणि संशोधक आहेत, तसे हिशेबनीस आणि आरोग्यसेविकाही आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव त्यांच्याच पानांत आहे. कोणता पैसा कोणत्या महिन्यात पोचला आणि त्यामुळे कोणती घरे सुटली, इतक्या बारीक नजरेने लिहिलेले मराठीत मी फारसे वाचलेले नाही. संपादकांनी एकमत घडवण्याचा आटापिटा केलेला नाही. आशांना प्रत्येक कामागे मोबदला द्यावा की ठरावीक मानधन, यावर दोन लेख एकमेकांशी भांडतात, भांडू द्यावेत. काही लेखांत अहवालाची भाषा राहून गेली आहे, ती वाचकाने सोसावी.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. धाटावच्या कामगारांची फुप्फुसे आणि कातडी, कुंडलिका नदीकाठच्या गावांचे पाणी, हा विषय या पुस्तकात जवळजवळ नाही. मी विचारले तेव्हा कळले की कोणी आजवर त्याचे दीर्घ मोजमाप करण्याचे पैसे उभे करू शकले नाही. जो प्रश्न पैसे देणाऱ्यालाच अडचणीचा आहे त्यावर पैसा मिळत नाही, हेही या क्षेत्राबद्दलचे एक सत्य आहे, आणि या पुस्तकात ते न लिहिलेल्या प्रकरणाच्या रूपाने हजर आहे.

पेण-रोह्याच्या वाचकांना एक विनंती. या पुस्तकाच्या प्रती दोन्ही तालुक्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांत ठेवायचे ठरले आहे. पानांच्या कडेला जागा जरा जास्त सोडली आहे ती त्यासाठीच. जे चुकले असेल, जे तुमच्या वाडीवर तसे नसेल, ते तिथे पेनाने लिहा. पुढच्या आवृत्तीआधी त्या प्रती गोळा करून वाचल्या जातील, आणि वाचून काय झाले हे सांगायला पुन्हा यायचे संपादकांनी कबूल केले आहे.